घरच्या संगणकाची वाटणी

२०२५ च्या पितृपक्षांत एका रात्रीं आमच्या घरांत ‘पार्टिशन’ हा शब्द उच्चारला गेला आणि वहिनींच्या हातांतली पळी आमटीच्या पातेल्यांतच थांबली. शब्द उच्चारणारा आमच्या दादांचा नातू. वय वर्षें वीस, शिक्षण अभियांत्रिकीचें. जेवतां जेवतां तो आपल्या वडिलांस सहज म्हणाला, “बाबा, एकदां पार्टिशन करून टाकूं या, मग ज्याचें त्याला मोकळेपणानें वापरतां येईल.” तीन पिढ्या मलकापुरांत एका छपराखालीं नांदत असलेल्या कुटुंबांत या वाक्याचा काय अर्थ झाला असेल, हें सुज्ञ वाचकांस सांगणें नलगे. पुढें उलगडा झाला तो असा कीं, वाटणी व्हावयाची होती ती घराची नव्हे, जमिनीचीहि नव्हे, तर माजघरांतील संगणकाच्या डिस्कची.

हंशा झाला खरा. परंतु रात्रीं अंथरुणावर पडल्यावर आमच्या मनांत आलें कीं, वहिनी दचकल्या तें अगदींच अस्थानीं नव्हतें. घरच्या संगणकांत कोणती प्रणाली घालावी आणि कशी घालावी, हा प्रश्न दिसावयास यंत्राचा. पण ज्या यंत्रांत घरांतल्या सगळ्यांचें कांहींना कांहीं ठेवलेलें आहे, त्याचा निकाल एकट्यानें लावणें म्हणजे इतरांच्या वतीनें सही करण्यासारखें आहे. म्हणून त्या पंधरवड्यांत आमच्या घरीं जो विचार झाला, तो येथें क्रमानें सांगतों.

आमचें यंत्र २०१६ सालचें. त्यावर ‘विंडोज १०’ ही कार्यप्रणाली. कार्यप्रणाली म्हणजे यंत्र आणि आपलीं कामें यांच्यामधला कारभारी. दाबलेलें अक्षर पडद्यावर आणणें, मजकूर छापयंत्राकडे धाडणें, कोणती फाईल कोठें ठेवली आहे हें ध्यानांत धरणें, हीं सारीं त्याचीं कामें. या कारभाऱ्यास सुरक्षेच्या दुरुस्त्या पुरविण्याची नेहमींची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपावयाची होती. घरगुती ग्राहकांस आणखी एक वर्षाची सवलत जाहीर झाली होती, इतकेंच. २०२१ सालीं निघालेल्या ‘विंडोज ११’ ला ‘टीपीएम २.०’ नांवाचा सुरक्षेचा भाग आणि निर्मात्यांच्या यादींतला प्रोसेसर लागतो. आमचें यंत्र त्या यादीबाहेर राहिलें.

तेव्हां नातवानें ‘उबुंटू’ सुचविली. लिनक्सच्या कुळांतील ही प्रणाली विनामूल्य मिळते. २००४ पासून तिची नवी आवृत्ति वर्षांतून दोनदां, साधारणपणें एप्रिलांत व ऑक्टोबरांत निघते, आणि वर्ष व महिना यांवरून तिला आंकडा मिळतो. ऑक्टोबर २०२५ ची ती ‘२५.१०’. परंतु नातवास ऑक्टोबरपर्यंत धीर नव्हता. सप्टेंबरांतच तिची ‘बीटा’, म्हणजे प्रकाशनपूर्व आवृत्ति, लोकांच्या परीक्षेसाठीं खुली झाली होती. तीच घालावयाची असा त्याचा आग्रह. अल्फा आणि बीटा हीं ग्रीक वर्णमालेंतलीं पहिलीं दोन अक्षरें. घराच्या भाषेंत सांगावयाचें तर अल्फा म्हणजे भिंती उभ्या राहिल्या, छप्पर नाहीं. बीटा म्हणजे छप्पर चढलें, सफेदी झाली, पण कोणत्या खोलींत गळतें हें पाऊस पडल्यावांचून कळावयाचें नाहीं. नवीन कांहीं जोडणें थांबवून केवळ दोष हुडकावयाचे, अशी ही अवस्था.

दादा इतका वेळ गप्प होते. ते एवढेंच म्हणाले, “माझी वही त्यांत आहे.”

वही म्हणजे आमच्या कुळाचा वृत्तांत. निवृत्त झाल्यापासून बारा वर्षें दादा तो सिद्ध करीत आहेत. वाई, सांगली, मिरज, पुणें, इंदूर येथील शाखा, नऊ पिढ्या, कोणाचें लग्न कोणत्या घराण्यांत झालें, कोण प्लेगांत गेलें, कोणती विधवा आत्या कोणाच्या आश्रयानें राहिली, हें सारें त्यांनीं पत्रें लिहून, प्रवास करून, म्हाताऱ्या माणसांपाशीं बसून मिळविलें. माहिती सांगणाऱ्यांपैकीं निम्मीं माणसें आज हयात नाहींत. मूळ टिपणांच्या वह्यांना वाळवी लागली तेव्हां ‘सारें संगणकांत उतरलें आहे’ या समाधानावर आम्हींच त्या जाळल्या. आणि संगणकांतल्या त्या ग्रंथाची दुसरी प्रत कोठेंहि नव्हती, ही गोष्ट त्या रात्रीं प्रथमच सर्वांच्या ध्यानांत आली.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं कागद घेऊन घरांतील प्रत्येकास एकच प्रश्न विचारला. हें यंत्र बंद पडलें तर तुमचें किती दिवस चालेल? सूनबाई घरीं बसून कराडच्या तीन दुकानांचे हिशेब लिहितात. त्यांचें ‘टॅली’ विंडोजवर चालणारें, आणि जीएसटीचें मासिक विवरण २० तारखेच्या आंत जावयाचें. त्या म्हणाल्या, “वीस तारखेपर्यंत एक तासहि नाहीं, पुढें चार दिवस चालेल.” आमचे पेन्शनीचे कागद त्यांत होते, हयातीच्या दाखल्याचें काम नोव्हेंबरांत, म्हणून आम्हीं दीड महिना लिहिला. वहिनींचें कांहींच अडत नव्हतें. नातू म्हणाला, “अण्णा, माझें काय, मोबाइल आहे.” दादांनीं दिवस सांगितले नाहींत. त्यांच्या नांवापुढची जागा आम्हीं कोरी ठेवली.

तो कागद पुढें धरल्यावर जें दिसावयाचें तें सर्वांस दिसलें. प्रयोगाची हौस ज्याला होती, त्याचें कमींत कमी जाणार होतें. आणि ज्यांचें सर्वस्व जाण्याचा संभव होता, त्यांना प्रयोगाशीं कांहीं कर्तव्य नव्हतें. नातू हुशार आहे, मनाचा निर्मळ आहे. हा कागद पाहून तोहि वरमला. असा कागद प्रत्येक घरांत एकदां तरी लिहिला जावा असें आम्हांस वाटतें.

मग मार्ग किती, याचा विचार सुरू झाला. पहिला मार्ग म्हणजे सबंध डिस्क पुसून तीवर नवी प्रणाली घालणें. करावयास सर्वांत सोपा, आणि परत फिरावयास सर्वांत अवघड. तो कोणी मांडलाहि नाहीं.

दुसरा मार्ग पार्टिशनचा. विंडोजकडे असलेली जागा आकसून घ्यावयाची, मोकळ्या झालेल्या भागांत नवी प्रणाली घालावयाची, आणि यंत्र सुरू करतांना कोणता कारभारी बोलवावयाचा तें निवडावयाचें. पुष्कळ लोक असें करतात आणि त्यांचें चांगलें चालतें. परंतु जमिनीची वाटणी करतांना बांध सरकवावा तशी येथें डिस्कवरची हद्द सरकवावी लागते, आणि तें काम चालू असतां वीज गेली तर दोन्ही बाजूंचें पीक जाण्याचा संभव. परतीच्या पावसाच्या दिवसांत आमच्याकडे संध्याकाळच्या विजेचा भरंवसा कोण देणार? शिवाय डिस्कला ‘बिटलॉकर’चें कुलूप असेल तर त्याची किल्ली, म्हणजे ४८ अंकांची परतखूण, आधीं लिहून घ्यावी लागते. विंडोजमधील जलद सुरू होण्याची सोय आधीं बंद करावी लागते. आणखी एक गंमत नातवानें सांगितली. यंत्रांतल्या घड्याळांत विंडोज स्थानिक वेळ ठेवते, लिनक्स बहुधा जागतिक वेळ ठेवते. त्यामुळें एकींतून दुसरींत गेलें म्हणजे कधीं कधीं घड्याळ बरोबर साडेपांच तासांनीं चुकतें. हें ऐकून वहिनी म्हणाल्या, “म्हणजे मुहूर्तहि तुमच्या कारभाऱ्याला विचारूनच धरायचा कीं काय?”

तिसरा मार्ग आभासी यंत्राचा. ‘व्हर्च्युअलबॉक्स’सारखा कार्यक्रम चालू संगणकाच्या पोटांत दुसरा संगणक उभा करतो. तेथें नवी प्रणाली घाला, मोडा, पुन्हां घाला. बाहेरच्या प्रणालीस तिचा स्पर्श नाहीं. पण यंत्राची स्मृति दोघांत विभागली गेल्यानें दोन्ही मंदावतात, आणि खरें छापयंत्र, खरा वायफाय यांची परीक्षा त्यांत पुरती होत नाहीं. चौथा मार्ग पेन ड्राइव्हचा. त्यावरूनच नवी प्रणाली चालवून पाहतां येते; डिस्कवर कांहींहि लिहिलें जात नाहीं, आणि यंत्र बंद केलें कीं सारें नाहींसें. चाल थोडी मंद. परंतु यंत्राशीं ओळख खरी होते.

आतां कोणी म्हणेल, पेन ड्राइव्हवर दोन दिवस चांगली चालली, मग घालावयास काय हरकत? संस्कृत शिकविण्यांत आमचा जन्म गेला. स्थालीपुलाकन्याय आम्हीं शेंकडों विद्यार्थ्यांस समजावून दिला: भाताचें एक शीत चेपून पाहिलें कीं सबंध पातेलें शिजलें कीं नाहीं तें कळतें. कार्यप्रणालीच्या बाबतींत हा न्याय लागू पडत नाहीं, ही गोष्ट आम्हांस या वयांत नव्यानें शिकावी लागली. भाताच्या सगळ्या शितांना एकच आंच लागते. येथें प्रत्येक शीत वेगळ्या चुलीवर शिजत असतें.

२ ऑक्टोबर २०१८ रोजीं ‘विंडोज १०’ ची एक मोठी सुधारणा बाहेर पडली आणि चारच दिवसांत ती थांबवावी लागली. कारण विशिष्ट रचना केलेल्या कांहीं संगणकांवरील लोकांच्या फाईलीच तींत पुसल्या गेल्या. तशा तक्रारी प्रकाशनापूर्वींच कांहीं परीक्षकांनीं केल्या होत्या. पण त्या इतक्या थोड्या होत्या कीं, ढिगांत दिसल्या नाहींत. तीच सुधारणा दुरुस्त होऊन १३ नोव्हेंबरला पुन्हां आली. आणि आमच्या नातवाच्या आवडत्या २५.१० चीहि कथा ऐका. ती ९ ऑक्टोबर २०२५ रोजीं प्रसिद्ध झाली. नंतर त्याच महिन्यांत असें उघडकीस आलें कीं, फाईलची तारीख सांगणारी एक लहानशी आज्ञा फाईलऐवजीं आजचीच तारीख सांगत होती, आणि त्यामुळें नव्या दुरुस्त्यांची आपोआप होणारी चौकशी बंद पडली होती. दोष सांपडला, दुरुस्तहि झाला. पण बीटा पाहून, प्रकाशन पाहून, हजारों लोकांच्या हातांतून जाऊनहि तें शीत कच्चें राहिलें होतें.

मग प्रकाशनपूर्व आवृत्तीच्या वाटेस जावेंच कशास? हा प्रश्न दादांनीं विचारला, आणि तो रास्त होता. दर दोन वर्षांनीं, सम सालच्या एप्रिलांत निघणारी उबुंटूची दीर्घमुदतीची आवृत्ति पांच वर्षें सांभाळली जाते. मधल्या आवृत्त्या केवळ नऊ महिने. इतकेंच नव्हे तर जुन्या दीर्घमुदतीच्या आवृत्तीवर असलेल्या लोकांस नवीकडे बोलावतांना तिचे निर्मातेहि पहिली दुरुस्त आवृत्ति निघेपर्यंत कांहीं महिने थांबतात. घरच्या कायमच्या कामास हेंच योग्य, यांत शंका नाहीं.

परंतु आमच्या शास्त्रांत दुसरा एक न्याय आहे, स्थूणानिखननन्याय. खांब पुरतांना तो हलवून हलवून पाहतात आणि पुन्हां ठोकतात. हलविण्याचा हेतु तो पाडण्याचा नसून पक्का करण्याचा असतो. प्रकाशनपूर्व परीक्षा ही अशीच आहे. आणि आमच्या बाजूचा खांब आम्हीं हलवून पाहिला नाहीं तर दुसरा कोण पाहणार? लंडनच्या किंवा बर्लिनच्या परीक्षकास ‘दुसऱ्या’ या शब्दांतला र कसा दिसावा हें ठाऊक असण्याचें कारण नाहीं. २०१८ च्या गोष्टींतून आम्हीं हाच बोध घेतला कीं, थोड्यांची तक्रार ऐकूं जात नाहीं. म्हणून मराठी लिहिणाऱ्या घरांतून कांहीं मुलें या कामांत असावींत. मात्र त्यांनीं स्वतःचें पणाला लावावें, आजोबांचें नव्हे.

येथवर आल्यावर निर्णय आपोआप झाला. वीस तारीख उलटेपर्यंत यंत्रास कोणी हात लावला नाहीं. पुढचें पहिलें काम दादांच्या वहीचें. आमच्या मलकापुरानें मीटर लावून चोवीस तास पाणी देण्याच्या योजनेमुळें नांव मिळविलें हें पुष्कळांस माहीत असेल; पण नळाला अहोरात्र पाणी आल्यावरहि आमच्या मातोश्रींनीं पिंप भरून ठेवण्याचें सोडलें नाहीं, आणि रोज झांकण उघडून त्या आंत पाहत. बॅकअप म्हणजे हेंच पिंप. तीन प्रती, दोन निरनिराळ्या साधनांवर, त्यांतली एक घराबाहेर, असा जाणत्यांचा नियम आहे. एक प्रत बाहेरच्या डिस्कवर केली, एक पेन ड्राइव्हवर घालून सांगलीच्या पुतणीकडे धाडली, मूळ यंत्रांत होतीच. आणि प्रत्येक प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिली. न उघडलेली प्रत ही प्रतच नव्हे.

मग नवी प्रणाली उतरवून घेतली. उतरलेली फाईल वाटेंत बिघडली नाहीं ना, हें ताडण्यासाठीं निर्माते चौसष्ट अक्षरांची एक खूण देतात. मूळ फाईलींत एक बिंदु बदलला तरी ती खूण सबंध बदलते. वैदिकांनीं पदपाठ, क्रमपाठ, जटा, घन यांनीं मंत्रांचा वर्ण न् वर्ण राखला, त्याच जातीची ही सावधगिरी. ती चौसष्ट अक्षरें दादांनीं वाचलीं आणि नातवानें ताडून पाहिलीं.

पेन ड्राइव्हवरून नवी प्रणाली सुरू झाली. देवनागरी टंकलेखन पाहिलें, ‘कऱ्हाड’, ‘बिऱ्हाड’, ‘दुसऱ्या’, ‘बाळ’ हे शब्द लिहून पाहिले, सर्व यथास्थित. मग वहीच्या एका प्रतीची फाईल उघडली. पहिल्या पानावर देवनागरीचें एक अक्षर नाहीं. रोमन अक्षरें, कंस, स्वल्पविराम यांची नुसती मिसळ. दादा खुर्चींतून उठले आणि ओसरीवर जाऊन बसले.

वही शाबूत होती. दादा टंकलेखन शिकले तें जुन्या धर्तीच्या एका फाँटवर. त्या फाँटांत रोमन अक्षरांच्याच जागीं देवनागरी अक्षरांचीं चित्रें बसविलेलीं असत. फाँट गेला कीं खालचीं रोमन अक्षरें उघडीं पडत. युनिकोडनें १९९१ सालीं देवनागरीस तिची स्वतंत्र जागा दिली. पुढें ‘विंडोज २०००’ पासून ती घरोघर आली, आणि तींतला ‘मंगल’ हा फाँट सुप्रसिद्ध अक्षरकार र. कृ. जोशी यांनीं घडविला. दादांची वही मात्र जुन्याच जागीं राहिली होती. म्हणजे आम्ही नव्या प्रणालीची परीक्षा पाहावयास गेलों आणि परीक्षा झाली ती आमच्या जुन्या व्यवस्थेची. जुनें यंत्र आणखी दोन-तीन वर्षांनीं आपणहून बंद पडलें असतें, तर तो फाँट पुन्हां मिळवून देणारा माणूसहि कदाचित् भेटला नसता.

नातवानें रूपांतर करणारा एक कार्यक्रम आणला. बहुतेक मजकूर सुखरूप उतरला. मोडला तो नेमका ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’. ज्या कऱ्हाडाच्या वेशीशीं आम्ही राहतों तें नांव वहींत जागोजाग, आणि तेंच जागोजाग विस्कटलेलें. नवरात्रापासून दिवाळीपर्यंत रोज संध्याकाळीं दादा वाचीत आणि नातू दुरुस्त करी. त्या महिन्याभरांत त्या मुलास आपल्या नऊ पिढ्या पाठ झाल्या. काम संपल्यावर सबंध वहीची एक प्रत कागदावर छापून घेतली. ती वाळवी न लागणाऱ्या लोखंडी कपाटांत आहे.

नवी प्रणाली घातली ती विजयादशमीस, २ ऑक्टोबरला. पार्टिशन केलें नाहीं. एक वेगळी लहान डिस्क आणली. यंत्र उघडून जुनी डिस्क सोडविली आणि कापडांत गुंडाळून ठेवली. मग नव्या डिस्कवर बीटा घातली. जी डिस्क यंत्रांत नाहीं, तिला चुकून कोण पुसणार? सूनबाईंच्या कामाच्या दिवशीं जुनी डिस्क लावतात, एरवीं नातवाची. दहा मिनिटांचा खटाटोप आहे, पण कोणाची तक्रार नाहीं. यानेंहि सर्व भय जातें असें मात्र वाचकांनीं समजूं नये. २०१७ च्या उबुंटूच्या १७.१० या आवृत्तींतील एका दोषानें कांहीं लॅपटॉपांच्या मूळ बोर्डावरची बायॉस ही आज्ञावलीच बिघडली होती, आणि डिसेंबरांत ती आवृत्ति मागें घेऊन दुरुस्त करावी लागली. डिस्क काढून ठेवली तरी बोर्ड काढतां येत नाहीं. म्हणून ज्या यंत्रावर घराची चूल अवलंबून आहे त्यावर बीटा घालूंच नये. आमचें यंत्र नऊ वर्षांचें झालें होतें, बोर्ड गेला असता तरी वही आणि हिशेब सुरक्षित होते, एवढ्याच बळावर आम्हीं संमति दिली.

वहिनींस हें सारें समजावून सांगितलें तेव्हां त्या म्हणाल्या, “मग ही वाटणी नव्हे. मुलगा नोकरीला परगांवीं गेला कीं बिऱ्हाड करतो, तसें हें बिऱ्हाड.” आमच्या मतें याहून नेमकी व्याख्या संगणकशास्त्रांतहि सांपडणार नाहीं. ज्यांच्या घरीं असा प्रश्न निघाला असेल त्यांनीं आधीं तो कागद लिहावा, मग प्रती कराव्या, मग त्या उघडून पाहाव्या. आणि कोणाच्या नांवापुढें जागा कोरी राहिली, तर त्याचें काम पुरें होईपर्यंत नवीन कांहीं घालूं नये.